साठ नावांची बोट: ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ आणि आपले विसरलेले खलाशी

(हा या भागाचा लिखित मजकूर आहे. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय, फक्त ‘अं’ आणि ‘म्हणजे’ कमी केलेत.)

आज एका व्हिडिओ गेमबद्दल बोलायचंय. थांबा, लगेच पुढे ढकलू नका. हा इतिहासाचाच पॉडकास्ट आहे आणि आजचा भागही इतिहासाचाच आहे. फक्त सुरुवात माझ्या लॅपटॉपवरून होते आणि शेवट मशीद बंदरला.

गेमचं नाव ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये पीसी आणि मॅकवर आला, पुढच्या वर्षी कन्सोलवर. बनवणारा माणूस लुकास पोप. अमेरिकन, जपानमध्ये राहतो. याआधी त्याने २०१३ मध्ये ‘पेपर्स, प्लीज’ केला होता. ओब्रा डिनचं कोडिंग, चित्रं, संगीत, कथा, सगळं या एकट्याचं. मी दिवसभर आठ जणांच्या टीममध्ये बसून एका बटणाची जागा ठरवतो, त्यामुळे मला हे ऐकूनच घाम फुटला होता.

कथा अशी. १८०२ साली एक व्यापारी जहाज लंडनहून पूर्वेकडे निघतं. ठरलेल्या वेळी केप ऑफ गुड होपला पोहोचत नाही. बुडालं असं जाहीर होतं. आणि १८०७ च्या ऑक्टोबरमध्ये, एका सकाळी, तेच जहाज इंग्लंडच्या फाल्मथ बंदरात वाहत येतं. शिडं फाटलेली, माणूस एकही नाही. तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीचे विम्याचे निरीक्षक. तुमच्या हातात एक वही आणि एक खिशातलं घड्याळ. प्रेताजवळ ते घड्याळ उघडलं की त्या माणसाच्या मरणाचा क्षण दिसतो. आधी अंधारात काही सेकंद आवाज, मग एक गोठलेलं दृश्य. त्यात फिरायचं, बघायचं आणि ठरवायचं: हा कोण, कसा मेला, कोणी मारलं. अशी साठ माणसं. साठही नावं लावायची.

कोण कसं मेलं ते मी सांगणार नाही. एकच छोटी गोष्ट सांगावी लागेल, तेव्हा आधी सावध करीन.

१८०२ साली आपण कुठे होतो?

गेम सुरू केल्यावर ‘१८०२’ दिसलं आणि माझं डोकं दुसरीकडेच गेलं. त्या वर्षी आपल्याकडे काय चाललं होतं?

ऑक्टोबर १८०२ मध्ये पुण्याजवळ हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणं सोडून कोकणात पळाला आणि फिरत फिरत वसईला पोहोचला. तिथे ३१ डिसेंबर १८०२ ला त्याने ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. हाच तो वसईचा तह. पुढच्या सप्टेंबरात असईची लढाई झाली. म्हणजे लुकास पोपचं काल्पनिक जहाज समुद्रात हरवलेलं असताना, त्याच कंपनीने इथे जवळजवळ एक राज्य खिशात घातलं होतं.

आता आपल्या लोकलचा विचार करा. ठाणे शहर ज्या साष्टी बेटावर आहे ते कंपनीने १७७४ च्या शेवटी मराठ्यांकडून घेतलं होतं. कल्याणही तिने १७८० मध्ये घेतलं, पण १७८२ च्या सालबाईच्या तहात ते पेशव्यांना परत मिळालं. साष्टी मात्र कंपनीने ठेवून घेतली. म्हणजे १८०२ मध्ये खाडीच्या अलीकडे ठाण्यात कंपनी आणि पलीकडे कल्याणला पेशवे. आज डोंबिवलीहून फास्ट पकडली की कळवा जातं, खाडीचा पूल येतो आणि आपण दाराजवळ सरकायला लागतो. त्या पुलावर तेव्हा सरहद्द होती. आपण ती रोज एका हाताने हँडल धरून ओलांडतो.

आणि कल्याण काही साधं गाव नव्हतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक खलाशांच्या ‘पेरिप्लस’मध्ये या बंदराचा उल्लेख आहे, कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे शिलालेख आहेत. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर इथल्याच खाडीत गलबतं बांधायला सुरुवात झाली. दुर्गाडीवर उभं राहून खाली बघितलं की आज रेती आणि जलपर्णी दिसते. पण मराठा आरमाराची सुरुवात त्याच पाण्यात आहे.

हे सगळं का सांगतोय? कारण गेममधल्या खलाशांच्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे देश लिहिलाय. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, चौघं वेगवेगळे. आणि मग एक शब्द: इंडिया. यावर परत येतो.

गेमचं बलस्थान: तो तुम्हाला मूर्ख समजत नाही

आधी कौतुक, कारण ते खरोखर करायला हवं. २०१९ मध्ये या गेमला इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि गेम डिझाइनसाठी बाफ्टाही. उगाच नाही मिळालं.

पहिली गोष्ट, दिसणं. फक्त दोन रंग, एक गडद, एक फिकट. जुन्या मॅकिन्टॉशच्या पडद्यासारखं, ठिपक्या-ठिपक्यांचं. पहिली पाच मिनिटं वाटतं स्क्रीन बिघडली. मग लक्षात येतं की डोळा आपोआप बारकावे शोधायला लागलाय. कोणाच्या पायात कसले बूट, हातावर गोंदण कुठलं, कोण कोणाशेजारी बसलाय, कोणत्या झोळीला कोणता नंबर.

दुसरी गोष्ट मला इंजिनिअर म्हणून जास्त आवडली. इतर डिटेक्टिव्ह गेममध्ये पुरावा चमकतो, तुम्ही त्यावर टॅप करता आणि हिरो स्वतःच निष्कर्ष सांगतो. आपण फक्त टॅपवाले. इथे काहीच चमकत नाही. वहीत नाव भरायचं, आणि बरोबर का चूक ते लगेच सांगत नाही. तीन माणसांची नावं आणि मरणं बरोबर झाली की मगच गेम ती तिन्ही एकदम पक्की करतो.

यातली गंमत समजून घ्या. एकेक उत्तर तपासून मिळालं असतं तर आपण काय केलं असतं? एका चेहऱ्याला साठ नावं लावून बघितली असती. साठ प्रयत्नांत काम झालं असतं, डोकं न वापरता. पण तीन चेहऱ्यांना एकदम लावायची तर ६० गुणिले ५९ गुणिले ५८, म्हणजे २,०५,३२० शक्यता. त्यात मरणाचे प्रकार वेगळेच. तुक्का मारणं परवडत नाही, विचार करणं स्वस्त पडतं. एवढ्या एका नियमाने पोपने खेळणाऱ्याला प्रामाणिक ठेवलंय.

तिसरी गोष्ट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बहुतेक गेममध्ये मागे पळणारी, मरणारी माणसं म्हणजे नुसती गर्दी. इथे गर्दी नाहीच. कप्तानाला एक रेघ, आणि सगळ्यात खालच्या खलाशालाही एकच रेघ. शेवटी कंपनी प्रत्येकाच्या वारसांचा हिशोब करते: कोणाच्या घरी भरपाई जाणार, कोणाच्या घरून दंड वसूल होणार. म्हणजे तुम्ही नाव चुकवलं तर कुठल्यातरी घरचे पैसे चुकले.

कमकुवत बाजू: आधी गेम म्हणून

आता तक्रारी. एक, चालणं. एखादी आठवण परत बघायची तर जहाजाच्या त्या कोपऱ्यात, त्या प्रेतापाशी चालतच जावं लागतं. वहीतून थेट उडी नाही. शेवटच्या दहा नावांसाठी मी जिन्यांवरून इतका वर-खाली फिरलो की दादर स्टेशनचा पूल आठवला. दोन, पहिल्यांदा आठवण बघताना संगीत संपेपर्यंत तुम्ही अडकलेले. पाहून झालं तरी बाहेर पडता येत नाही.

तीन, मघाशी ज्या तीनच्या नियमाचं कौतुक केलं त्यालाच भोक आहे. दोन उत्तरं पक्की माहीत असली की तिसऱ्यासाठी नावं फिरवत बसायचं. शेवटी मी तेच केलं, खोटं कशाला बोलू. चार, आवाज. बोलण्याच्या ढबीवरून स्कॉटिश, आयरिश, वेल्श ओळखा अशी अपेक्षा आहे. ब्रिटिश माणसाला ते सोपं असेल. मला मालवणी आणि आगरी झोपेतही वेगळी कळेल, पण वेल्श? सगळेच गोरे साहेब.

आणि पाच, हा गेम आयुष्यात एकदाच खेळता येतो. रहस्य कळलं की संपलं.

आणि इतिहास म्हणून

(इथे ती छोटी गोष्ट आहे. अजिबातच काही ऐकायचं नसेल तर पुढचे दोन परिच्छेद सोडा.)

जहाजावर चार भारतीय खलाशी आहेत. त्यांची नावं ऐका: अब्राहम अकबर, विल्यम वसीम, सॉलोमन सय्यद, रेनफ्रेड रजब. पुन्हा एकदा म्हणून बघा. चारही नावांत पहिलं अक्षर जुळवलंय आणि चारही अर्धी इंग्रजी, अर्धी मुसलमानी. रत्नागिरीच्या किंवा चितगावच्या बंदरावर जाऊन ‘रेनफ्रेड’ अशी हाक मारली असती तर कोणी मान वर केली असती का? धर्मांतर केलेल्या, इंग्लंडमध्ये राहिलेल्या काहींनी इंग्रजी नावं घेतली होती, हे खरं. पण चारातले चार?

यातले दोघं प्रवासाच्या सुरुवातीलाच आजाराने जातात, छातीच्या. त्यांना नीट ओळखण्याआधीच. बाकीच्या प्रवाशांच्या वाट्याला प्रेम, कट, चोरी, बंड असं बरंच काही येतं. यांच्या वाट्याला खोकला.

पहिल्यांदा मला राग आला. मग वाचायला लागलो आणि राग जरा गुंतागुंतीचा झाला.

या खलाशांना इंग्रज ‘लास्कर’ म्हणायचे. फारसी ‘लश्कर’वरून, म्हणजे आपला ‘लष्कर’ तोच शब्द. त्यांची टोळी एकत्र भरती व्हायची. टोळीचा प्रमुख सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, सुकाणू धरणारा सुकाणी. सारंगच माणसं आणायचा, हुकूम तोच पोहोचवायचा, पगारही बहुतेक वेळा त्याच्याच हातून. हे शब्द ओळखीचे वाटतात ना? तुमच्या वर्गात एखादा सारंग किंवा तांडेल आडनावाचा मुलगा होताच. जहाजावरची ही हिंदुस्तानी बोली इंग्रज अधिकाऱ्यांना इतकी गरजेची होती की थॉमस रोबक नावाच्या अधिकाऱ्याने १८११ मध्ये तिचा शब्दकोशच काढला.

ओब्रा डिनवर सारंग नाही. तांडेल नाही. चार सुटे लास्कर, जणू चार मित्र नोकरी शोधत लंडनच्या गोदीत आले. इतक्या काटेकोर गेममध्ये हे मला सगळ्यात मोठं भोक वाटतं. सारंग असता तर रहस्याचा एक आख्खा धागा मिळाला असता: या माणसांच्या वतीने बोलणारा एकच माणूस, आणि तो खरं बोलतोय का?

पण छातीचा आजार? तो मात्र खरा आहे. इंग्लंडच्या थंडीत लास्कर खरंच मरायचे. १७८६ मध्ये लंडनमध्ये गरीब काळ्या लोकांच्या मदतीसाठी जी समिती निघाली, तिची सुरुवातच रस्त्यावर कुडकुडणाऱ्या लास्करांसाठी झाली होती. १८१४-१५ च्या सुमारास संसदेच्या समितीने शॅडवेलमधल्या त्यांच्या बराकी पाहिल्या. माणसं उघड्या फळ्यांवर झोपत होती, अंथरूण-पांघरूण नाही. पुढे १८२३ च्या कायद्याने तर सांगूनच टाकलं की लास्कर हे ब्रिटिश खलाशी धरले जाणार नाहीत. राज्य तुमचं, जहाज तुमचं, काम त्यांचं. पण नाव यादीत वेगळ्या रकान्यात.

आणि ‘इंडिया’? तेही कदाचित खरंच. गेममधली यादी कंपनीच्या कारकुनाने लिहिलेली आहे. त्याला स्कॉटलंड आणि वेल्समधला फरक दिसतो. खाडीच्या अलीकडचा कंपनीचा माणूस आणि पलीकडचा पेशव्यांचा माणूस यातला फरक दिसत नाही. त्याच काळात मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी सागाच्या लाकडाची जहाजं बांधत होती. त्यांनी १८१७ मध्ये बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ आज इंग्लंडच्या हार्टलपूलमध्ये अजून तरंगतंय. जहाज जपलं गेलं. ज्यांनी त्याचे दोर ओढले त्यांच्या नावांचं काय झालं?

माझा आक्षेप तिथे आहे. कारकुनाची चूक दाखवणं म्हणजे इतिहास. पण खेळणाऱ्याला ती चूक आहे हे कळलंच नाही, तर ती चूक पुन्हा एकदा छापली जाते. ‘पेपर्स, प्लीज’ ज्याने केला, कागदावर माणूस कसा चिरडला जातो हे ज्याने दाखवलं, त्याच्याकडून मला इथे एक पाऊल जास्त हवं होतं.

आमच्या घरातली वही

आता मला हे इतकं का लागलं ते सांगतो.

आमचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. आजोबांचे वडील बोटीवर होते. कोकणात ‘काय करतात?’ला ‘बोटीवर असतात’ एवढंच उत्तर पुरायचं. १९४२ मध्ये युद्धात त्यांची बोट गेली. आजोबा तेव्हा चार वर्षांचे. पुढे ते डोंबिवलीला आले, चाळीत राहिले, आणि आम्ही इथलेच झालो.

घरी एक पत्र्याची ट्रंक आहे. त्यात एक कागद. त्यावर पणजोबांच्या नावाच्या जागी त्यांच्या वडिलांचं नाव आहे आणि आडनावाच्या जागी गावाचं. बोटीचं नाव जिथे असायला हवं तिथे कागद कुरतडलाय. हा कागद म्हणजे आपलाच नवरा, हे पटवून द्यायला पणजी कित्येक वर्षं तालुक्याला पायी जात होती म्हणे. पैसे मिळाले की नाही यावर घरात अजून दोन मतं आहेत. आजोबा म्हणायचे मिळाले नाहीत. आत्या म्हणते थोडे मिळाले, त्यातूनच विहीर खणली.

ओब्रा डिन संपवला त्या रात्री मी तो कागद बाहेर काढला.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश व्यापारी बोटींवरचा साधारण दर चौथा खलाशी आपल्या उपखंडातला होता. युद्धात त्यातले सहा हजारांहून जास्त मेले. कब्रस्तान नाही, कारण समुद्रात थडगं कुठलं. त्यांची नावं एका नोंदवहीत आहेत. एक प्रत चितगावला, एक मुंबईला, मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये. पहिल्या महायुद्धात गेलेल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचं स्मारकही तिथेच. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवर ही नावं शोधता येतात, फोनवरसुद्धा.

मी गेममध्ये शिकलेलीच पद्धत वापरली. नावावर विश्वास ठेवायचा नाही. इतर गोष्टी जुळवायच्या आणि तीन जुळल्या तरच पक्कं करायचं. साल, गाव, बोट. आत्तापर्यंत तीन नोंदींवर येऊन थांबलोय. तिन्हींत साल जुळतं. एकीत वडिलांचं नावही जुळल्यासारखं वाटतं. पण बोटीचं नाव आमच्याकडे नाही, त्यामुळे पक्कं नाही. आणि इथे मधल्या दोन रिकाम्या जागा तुक्क्याने भरता येत नाहीत. चुकलो तर मी दुसऱ्याच कोणाच्या पणजोबांना आपलं म्हणेन, आणि त्यांचा पणतू कुठेतरी रत्नागिरीत किंवा नोआखालीत शोधत बसेल.

मागच्या शनिवारी स्लो लोकल पकडून मशीदला उतरलो. काही मोठं घडलं नाही. इमारत बाहेरून बघितली, रस्त्यावर हातगाड्यांची गर्दी होती, एक चहा घेतला. आईला फोन केला तर ती म्हणाली, “आत्याला विचार ना, तिला बोटीचं गाणं यायचं लहानपणी, त्यात नाव होतं.” मी तीस वर्षांचा व्हायला आलोय आणि हे मला आत्ता कळतंय. आत्याकडे बदलापूरला या रविवारी जातोय.

मग खेळायचा का?

खेळा. नक्की खेळा. रहस्याच्या गेममध्ये इतका सरळ, इतका खेळणाऱ्याला मान देणारा दुसरा मी पाहिलेला नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपवरही व्यवस्थित चालला. कागद-पेन जवळ ठेवा, हेडफोन लावा आणि उत्तरं गुगल करू नका. फक्त त्या चार नावांपाशी जरा थांबा. त्यांची खरी नावं काय असतील, त्यांचा सारंग कोण असेल, एवढा विचार मनात येऊ द्या.

आणि आपल्याकडच्या गेम बनवणाऱ्यांना एक विनंती. पुण्याच्या नोडिंग हेड्सने २०२० मध्ये ‘राजी’ करून दाखवला, म्हणजे इथे बसून जगभर जाईल असा गेम होतो. एखादं रहस्य आमच्या खाडीतलंही करा. वर्ष १८०२, एका काठाला कंपनी, दुसऱ्या काठाला पेशवे, मध्ये एक गलबत आणि त्यावरचा तांडेल.

ज्यांच्या घरात कोणी ‘बोटीवर’ होतं त्यांनी आज रात्री आजी-आजोबांना एकच प्रश्न विचारा: बोटीचं नाव काय होतं? आणि ते लिहून ठेवा, व्हॉइस नोट नको, कागदावर. आम्ही तेवढंच विचारायला विसरलो.

आत्याचं गाणं मिळालं तर पुढच्या भागाच्या सुरुवातीला सांगेन. नाही मिळालं तरी सांगेन. तोपर्यंत नमस्कार, आणि दारात लटकू नका.